वर्षाचे पहिले पाणी

मित्रांनो, मी हंडा आहे. जुना आहे, आणि चिडलेला आहे. तुमच्या पुस्तकांतून जुनी छत्री बोलते, जुनी सायकल बोलते, आणि शेवटी दोघी हात जोडून म्हणतात, आम्हाला टाकू नका हो. मला तसे बोलता येणार नाही. मला कोणी टाकलेले नाही. उलट माझ्यापुढे दरवर्षी एक माणूस कमरेत वाकून उभा राहतो. माझा राग त्या नमस्कारावरच आहे.

मी भाताचा हंडा नव्हे. रसायनाच्या कारखान्यात माझ्यासारख्याला कामगार हंडाच म्हणतात, पण माझ्या पोटात दीड हजार लिटर मावते. १९६१ साली ओसाकाच्या एका कार्यशाळेत मला घडवले. जाड लोखंड, दोन पोटे एकात एक. मधल्या फटीत वाफ सोडली की मी तापतो, थंड पाणी सोडले की निवतो. आतून काचेच्या भुकटीचा लेप देऊन मला नऊ वेळा भट्टीत घातले. निळ्या काठाचे पांढरे इनॅमलचे मग तुम्ही पाहिले असतील, तसे माझे आतले अंग आहे. बाहेरून घण मारा, सोसेन. आत एक ओरखडा पडला की संपलो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाचे आहे.

बोटीत घालून मला तोकुशिमाला आणले, निशिउरांच्या गोंदाच्या कारखान्यात. तोकुशिमात तेव्हा गल्लोगल्ली लाकूडकाम चालायचे. मुलगी सासरी निघाली की तिच्याबरोबर आरशाचे टेबल जायचे, तीन पाखांच्या आरशाचे, आणि निम्म्या देशातल्या मुलींची ती टेबले आमच्या गावात व्हायची. आधी सुतार जनावरांच्या कातड्याचा सरस वापरत. सकाळी उठून तो शिजवायचा, त्याचा वास घरभर. मग माझा पांढरा गोंद आला. डबा उघडा, लावा, दाबा. म्हातारे सुतारसुद्धा बोट लावून बघायचे आणि म्हणायचे, "दूध आहे की काय!"

ते दूध माझ्या पोटात कसे तयार व्हायचे ते सांगतो, कारण सगळे रामायण तिथेच घडले. आणि ते घडले साबणामुळे.

साबण म्हणजे मळ काढायची वडी, एवढेच तुम्हाला शिकवलेले असते. माझ्या पोटात आधी पाणी यायचे. त्यात बेताचा, तोलून घेतलेला साबण. मग वरून बारीक धारेने एक तेलकट, उग्र वासाचे द्रव. पिकलेल्या फळावर कोणी व्हिनेगर ओतावे तसा वास. त्याचे आणि पाण्याचे पटत नाही. ढवळणे थांबले की दोघे वेगळे. साबणाचा कण मात्र दोघांचाही असतो. तो बेडूकमाशासारखा आहे असे समजा: डोक्याला पाणी आवडते, शेपटी पाण्याला भिते. पाण्यात असे पुष्कळ कण सुटले की शेपट्या लपायला जागा शोधतात. पाचपन्नास जण जमतात, शेपट्या आत, डोकी बाहेर, आणि एक इवलासा गोळा होतो. ती झाली एक खोली. अशा अगणित खोल्या. तेलकट द्रवाचे कण पाण्यातून वाट काढत तिथे शिरतात. मग मिठासारखी एक पूड टाकायची आणि ऊब द्यायची. उबेने पूड फुटते, तिचा तुकडा खोलीत जातो आणि आतल्या एका कणाला जागे करतो. तो शेजाऱ्याचा हात धरतो, शेजारी पुढच्याचा. हजारो कणांची एक साखळी त्या एवढ्याशा खोलीत गुंडाळी करून बसते. साखळ्यांनी भरलेले असे दाणे पाण्यात तरंगू लागले की पाणी दुधासारखे पांढरे दिसते. तोच गोंद.

साबण कमी पडला तर खोल्या कमी, दाणे मोठे, आणि दाण्यांभोवती साबणाचे जे कुंपण लागते ते अपुरे. मग दाणे एकमेकांना चिकटतात, गाठी होतात, माझ्या अंगाला खरवड धरते. साबण जास्त झाला तर शहाण्यांना वाटते, बरेच झाले. बरे नसते. खोल्या बेसुमार वाढतात, सगळीकडे एकदम काम सुरू होते, उष्णता आवरत नाही, फेस नळीत चढतो. दाणे इतके बारीक होतात की गोंदावर निळसर झाक येते, चुलीच्या पातळ धुरावर येते तशी. आणि जास्तीचा साबण गोंदाबरोबर लाकडात जाऊन बसतो. गोंद वाळतो, पण साबणाची पाण्याची ओढ वाळत नाही. हवा दमट झाली की तो पाण्याला हाक मारतो, आणि सांधा सुटतो.

हे सगळे मला कोणी शिकवले? किनुएने.

इतानो किनुए १९६३ साली बाटल्या भरायला कारखान्यात आली. सव्वीस वर्षांची, बुटकी, बारीक. माझ्या झाकणाचे भोक एवढे लहान, की दांडगे पुरुष त्यात अडकायचे. म्हणून आत उतरून खरवड काढायचे काम तिच्या गळ्यात पडले. आधी तासभर आत हवा सोडायची, मग तिच्या कमरेला दोरी बांधायची, वर एकाने ती धरून बसायचे. उतरण्याआधी ती माझ्या अंगावर बोटाच्या पेराने तीन टिचक्या मारायची.

"कुणाला बोलावतेस गं?" मुकादम बांडो हसायचे.

"विचारते. दुसऱ्याच्या पोटात जायचं तर विचारून जावं."

बांडो म्हणजे माझ्या विभागाचे मुख्य. कामाला वाघ, शकुनापुढे शेळी. त्यांनी तिला लोखंडी पट्टी दिली होती, ती तिने पहिल्याच दिवशी परत केली. स्वतः बांबू तासून खरवडणी केली. माझ्या काचेवर तिच्या हातून बारा वर्षांत एक ओरखडा उठला नाही. ती आत बसून खरवडायची तेव्हा तिचा श्वास माझ्या भिंतींवर आदळून परत तिच्याकडे जायचा. तिच्याखेरीज माझ्यात कोणी एवढा वेळ राहिलेले नाही. मित्रांनो, लोखंडाला ओढ लागत नाही असे तुम्हाला कोणी सांगितले असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

हळूहळू साबण तोलायचे कामही तिच्याकडे आले. बांडोंनी दिले नाही. तिचा गोंद कधी बिघडत नाही हे दिसल्यावर दुसऱ्या कोणाकडे द्यायची त्यांची छाती झाली नाही. तिचा एक नियम होता. साबण तराजूतून येईल, दुसऱ्या वाटेने नाही. मला धुवायचे ते गरम पाण्याने आणि बांबूने. "साबण हे याचं औषध आहे," ती नव्या माणसांना सांगायची. "औषधानं कुणी आंघोळ करतं का?"

१९७४च्या वसंतात धाकटे मालक आले. मोतोहिको, मालकांचा एकुलता मुलगा, ओसाकाहून शिकून. मालकांनी त्याला सरळ किनुएच्या हाताखाली दिला. पहिले काम, दोरी धरणे.

"धाकटे मालक," आतून तिचा आवाज, "दोरी धरलीय की झोपलात?"

"धरलीय, धरलीय!"

"मग ओढून बघा. आलं का काही हाताला?"

त्याने ओढली. दोरी मोकळी वर आली. तिने आत ती सोडून ठेवली होती. सगळा विभाग हसला. तो लाल झाला, पण मग तोही हसला, आणि त्या दिवसापासून त्याने दोरीवरून नजर काढली नाही. माणूस वाईट नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो. वाईट माणसाने केले असते तर मला एवढे लागले नसते.

तिने त्याला निळी झाक ओळखायला शिकवली. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्यायचे, त्यात गोंदाचा एक थेंब सोडायचा, खिडकीच्या उजेडात धरायचा. "पांढरा दिसला तर आपला. कडेला निळं दिसलं तर साबण जास्त झाला. मग मालक सांगो नाहीतर मालकाचा बाप, विकायचा नाही."

"आजोबा वारलेत," मोतोहिको म्हणाला.

"सुटले म्हणायचे."

आमच्या विभागाच्या भिंतीवर नावांच्या लाकडी पाट्या टांगलेल्या असत. सगळ्यांत वर ‘हंडाप्रमुख’ असे लिहून खाली एक खिळा होता, आणि वर्षभर तो रिकामा होता, कारण आधीचा म्हातारा निवृत्त झाला होता. त्या शरदात मालकांनी सांगून टाकले: पुढच्या जुलैपासून तिथे इतानो किनुएची पाटी. बाईची पाटी त्या खिळ्यावर तोकुशिमात कुठल्याच गोंदाच्या कारखान्यात नव्हती, असे बांडोच म्हणाले. ते असे म्हणाले की कौतुक आहे की तक्रार, ते कळू नये. पाटी करूनही आली. देवदाराची, तिच्या नावाची काळी अक्षरे. माझ्या झाकणात आत डोकावायची एक काच आहे, तोच माझा डोळा, आणि त्या डोळ्यासमोरच्या खणात ती ठेवली होती. किनुए येता-जाता खण उघडून बघायची आणि घाईने बंद करायची, कोणी पाहिले तर चिडवेल म्हणून.

मग वर्षअखेर आली. अठ्ठावीस डिसेंबर, मोठ्या सफाईचा दिवस. त्या दिवशी मालकापासून शिपायापर्यंत सगळे हातात फडकी घेतात. जुन्या वर्षाचा कण नव्या वर्षात जाता कामा नये. किनुए माझ्याकडेच यायची, पण शेवटच्या डब्यांना लेबले लावायची राहिली होती, म्हणून बांडोंनी तिला गोदामात पाठवले. माझ्या डोक्यावर एक उंच नळी होती, माझी वाफ निववून परत पोटात आणणारी. ती धुवायला मोतोहिको चढला. मनापासून चढला. बाह्या वर करून.

आता पाहा, चूक कशी होते. आमच्याकडे वर्षअखेरीस भेटी येतात. व्यापाऱ्याकडून तेलाचे डबे, शेवाळाच्या वड्या, साबणाच्या बाटल्या. त्या वर्षी एका फर्निचरवाल्याने भांडी घासायच्या साबणाच्या बाटल्यांची पेटी पाठवली होती, नवी, लिंबाच्या वासाची. मोतोहिकोला वाटले, हंडा कसा चकाकला पाहिजे. त्याने सहा बाटल्या नळीत ओतल्या, वरून घासल्या. मग खालून हाक आली, "धाकटे मालक, मेजवानीला सगळे खोळंबलेत!" त्याने एक बादली पाणी ओतले आणि उतरला. एक बादली! साबण नळीच्या वेटोळ्यांत बसून राहिला, काही माझ्या तळाच्या तोटीत उतरला.

तेवढ्यावर झाकण बसले. झाकणावर गवताची पवित्र दोरी बांधली, तिच्यावर तांदळाच्या दोन गोल वड्या, एकीवर एक, आणि संत्रे. ती वडी बसली की काम सुरू होईपर्यंत झाकणाला कोणी हात लावत नाही.

पाच जानेवारीला सगळे नव्या गणवेशात जमले. बांडोंनी माझ्यावर तांदळाची दारू शिंपडली, सगळ्यांनी दोन टाळ्या वाजवून नमस्कार केला, वडी उतरवली. किनुएने तीन टिचक्या मारल्या, झाकण उघडले आणि वाकली. आणि तशीच थांबली.

"मुकादम, लिंबाचा वास येतोय."

"संत्रं होतं वर."

"संत्रं बाहेर होतं. वास आतून येतोय. एकदा गरम पाण्यानं धुऊन घेते. तासाभराचं काम."

बांडोंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "वर्षाचं पहिलं पाणी गटारात सोडायचं? पूजा झालेल्या हंड्यातून? अगं, तुला अक्कल आहे का? वर्षभर कारखाना गटारात जाईल! निशिउरांच्या कारखान्यात असं कधी झालेलं नाही."

"मुकादम, वास..."

"पहिलं पाणी गोंदात जाईल. बस."

ती मोतोहिकोकडे वळली. तो चार पावलांवर होता. त्याने नळीकडे पाहिले, मग आपल्या नव्या बुटांकडे. मालक होते, पाहुणे व्यापारी होते, सगळ्यांसमोर बांडोंचे तोंड पाडायचे, आणि स्वतःचेही. 

पहिले पाणी गोंदात गेले.

अकरा वाजता माझ्या उष्णतामापकाचा काटा पळत सुटला. साबणाच्या खोल्या दुप्पट, तिप्पट, माझ्या पोटात बाजार भरला. फेस नळीत शिरला, झाकणाच्या कडेतून फुसफुसू लागला. लोक मागे सरकले. किनुए पुढे आली. तिने तेलकट द्रवाची धार तोडली, वाफ बंद केली, मधल्या फटीत थंड पाणी सोडले, आणि काटा खाली येईपर्यंत एक हात माझ्या अंगावर ठेवून उभी राहिली. तळवा भाजला तिचा. त्या दिवशी मी फुटलो असतो, मित्रांनो. माझ्या भोवती एकवीस माणसे होती.

दुपारी तिने पेल्यात थेंब सोडला. कडेला निळे. तिने एक लहान बाटली भरली, तारीख लिहिली, नमुन्यांच्या फळीवर ठेवली. "मुकादम, हा विकू नका."

"घट्ट झालाय फक्त. पाणी घालू."

"पाण्यानं साबण जातो का?"

विकला. वसंतातली लग्ने तोंडावर होती.

जूनच्या झडीत टेबले परत येऊ लागली. आमच्या अंगणात ती उभी करून ठेवत. आरशांची पाखे लोंबकळत, सांधे पांढरे पडून उघडलेले. लग्न होऊन तीन महिने झालेल्या मुलींची टेबले. एकीच्या खणात अजून कंगवा होता.

चौकशी माझ्यासमोरच झाली.

"साबण दोनदा टाकलास," बांडो म्हणाले.

"एकदाच. तोलल्याची चिठ्ठी बघा."

"चिठ्ठी तूच लिहितेस."

"हंड्यात लिंबाचा वास होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं." सगळे जमिनीकडे बघत होते. ती मोतोहिकोकडे वळली. तिचा आवाज खाली आला, दोरीची गंमत करायची तेव्हा असायचा तसा, जवळचा. "धाकटे मालक, वर्षअखेरीला नळी तुम्ही धुतलीत. कशानं धुतलीत?"

मी वाट पाहत होतो. माझ्या पोटात काही नव्हते तेव्हा, सगळा मी रिकामा होतो, आणि तिचा प्रश्न माझ्यात घुमत होता.

"पाण्यानं," मोतोहिको म्हणाला.

एवढेच. एक शब्द.  किनुएने गणवेशाची टोपी काढली, घडी केली, माझ्या पायरीवर ठेवली. खण उघडला नाही. जाताना माझ्या अंगावर तीन टिचक्या मारल्या आणि गेली. त्या वेळी ती आत येणार नव्हती.

गावात कोणत्याच कारखान्याने तिला घेतले नाही. ‘साबण दोनदा टाकणारी’ हे नाव तिच्याआधी सगळीकडे पोचायचे. योशिनो नदीपलीकडे, भावाच्या गावी, ती खाणावळीत भांडी घासते असे कामगार बोलायचे. भांडी घासते! ज्या हाताने साबण तोळ्यातोळ्याने तोलला, त्या हाताने.

मग माझ्यात बरीच माणसे उतरली. कोणी विचारले नाही. एकाने लोखंडी पट्टी आणली आणि तळाला पहिला ओरखडा पडला, मग दुसरा, मग गंज. मी रोज सकाळी तीन टिचक्यांची वाट पाहायचो. पावसाचा थेंब पत्र्यावर पडला तरी मला वाटायचे, एक झाली, आता दोन. १९९८ साली कारखाना बंद पडला. बांडो त्याआधीच वारले. मालक झालेला मोतोहिको मला भंगारात देऊ शकला नाही. त्याने मला आपल्या बायकोच्या माहेरच्या कमळकाकडीच्या शेताच्या बांधावर उभे केले. आता माझ्यात पावसाचे पाणी साठते आणि त्याने चिखलातल्या काकड्या धुतात.

आणि दर अठ्ठावीस डिसेंबरला तो यायचा. माझ्या झाकणावर गवताची दोरी बांधायचा, तांदळाच्या वड्या ठेवायचा, संत्रे ठेवायचा. मग कमरेत वाकून म्हणायचा, "चुकलं माझं." एकोणीस वर्षे. दरवर्षी वाटायचे, आत्ता याच्या कानाशी ओरडावे: अरे, माझ्याशी काय खोटे बोललास तू? मला माहीतच होते! जिच्याशी बोललास ती नदीपलीकडे आहे, आगगाडीने चौथे स्टेशन!

गेल्या वर्षअखेरीला त्याची मुलगी त्याला घेऊन आली. चिगुसा तिचे नाव. त्याचे गुडघे गेलेत, गाडी चालवायचा परवाना त्याने परत केला आहे. ती बांधावर हात चोळत उभी राहिली आणि त्याचा नमस्कार लांबतच गेला.

"बाबा, गारठून मेले मी. कोणाची माफी मागताय एवढी?"

त्याने सांगितले. पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले. लिंबाचा वास, पहिले पाणी, तो एक शब्द. मग कोटाच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. तिच्यात किनुएची लाकडी पाटी होती आणि गोंदाच्या नमुन्याची ती लहान बाटली. कारखाना बंद करताना त्याने दोन्ही उचलली होती. गोंद केव्हाच वाळून पिवळट खडा झाला होता. निळे काही उरले नव्हते.

 चिगुसाने विचारले, "आणि त्या बाई?"

"असतील. एक्याऐंशीच्या."

"असतील म्हणजे? विचारलं नाहीत कधी?"

"कोणत्या तोंडानं विचारू?"

"ह्याच तोंडानं! ज्या तोंडानं ‘पाण्यानं’ म्हणालात, त्याच!" तिने माझ्यावरचे संत्रे उचलून खिशात टाकले. "लोखंडाची माफी मागतात म्हणे. लोखंड काय, बिचारं, नाही म्हणणार आहे? बसा गाडीत."

"पुढच्या वर्षी..."

"बाबा, त्या एक्याऐंशीच्या आहेत."

गाडी बांधाच्या टोकाला थांबली. डावीकडे त्यांचे घर, उजवीकडे पुलाचा रस्ता. उजवीकडे वळली.

आठ दिवस मी कसे काढले ते विचारू नका. ती येईल असे मला वाटत होते. एवढ्या वयाचा मी, पण वाटत होते. तिचा हात ओळखायला मला काचेचा डोळाही लागला नसता.

पाच जानेवारीला सकाळी गाडी आली. दोघेच उतरले. किनुए नव्हती.

मोतोहिकोने गुडघ्यापर्यंत विजार दुमडली होती. हातात बांबूची नवी खरवडणी होती, वाकडीतिकडी, स्वतःच तासलेली. चिगुसाने तळाची तोटी उघडून पावसाचे सगळे पाणी काढून टाकले, त्याच्या कमरेला दोरी बांधली, आणि शेतातल्या घराच्या न्हाणीतून गरम पाण्याची नळी ओढत आणली. तो गुडघे सावरत चढून झाकणापाशी आला. मग थांबला आणि बोटाच्या पेराने माझ्या अंगावर तीन टिचक्या मारल्या.

बोट तिचे नव्हते. पण टिचक्या तिच्या होत्या. इतक्या वर्षांत त्याने एकदाही त्या मारल्या नव्हत्या, म्हणजे तिने सांगितले होते, म्हणजे तिने दार उघडले होते.

"दोरी धरलीस ना?" आतून त्याचा धापांचा आवाज आला.

"धरलीय. झोपले नाहीये," चिगुसा म्हणाली. "बाबा, त्या एकदा तरी रडतील असं वाटलं होतं मला. चहा ओतत होत्या निवांत."

"मला वाटलं होतं, ओरडतील."

"बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. ‘निळं मी त्याच दिवशी पाहिलं होतं,’ म्हणाल्या. ‘तुमच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.’"

तो खरवडत होता. माझ्या ओरखड्यांवर त्याचा हात आला की तिथे तो हळू व्हायचा. थोड्या वेळाने आतून म्हणाला, "मी म्हटलं, काय करू ते सांगा. मला वाटलं, काहीतरी मोठं मागतील."

"‘जा, ते पाणी टाका.’" चिगुसाने किनुएची नक्कल केली असावी, कारण क्षणभर मला तो आवाज ऐकू आला. "‘गरम पाणी. साबण लावाल तर खबरदार. उतरायच्या आधी विचारा. आणि ते पाणी टाकून झाल्यावरच माझी पाटी लावा, आधी नाही.’"

तो बाहेर आल्यावर मी गरम पाण्याने भरत गेलो. बऱ्याच वर्षांनी तापलो. मग चिगुसाने तळाची तोटी उघडली आणि वर्षाचे पहिले पाणी बांधावरून चरात, चरातून गटारात गेले. मोतोहिको ओल्या पायांनी थंडीत वाकून ते पाणी बघत राहिला. फेस आहे का ते बघत होता. फेस कसला असणार, वीस पावसाळे वाहून गेले माझ्यातून. तरी शेवटचा थेंब जाईपर्यंत तो बघत होता, आणि मीही.

मग त्याने तिची पाटी माझ्या अंगावर लावली. देवदार काळवंडला आहे, पण अक्षरे वाचता येतात.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. वस्तूपुढे वाकायला फारसे काही लागत नाही. वस्तू उलटून विचारत नाही, कशाने धुतलेस म्हणून. तुम्ही ज्याच्याशी खोटे बोललात तो माणूस चौथ्या स्टेशनवर असेल, तर उठा आणि आजच जा. तो म्हातारा होतो आहे.

माझे म्हणाल, तर मी इथे बांधावर आहे. तिचे गुडघे आता पूल ओलांडू देणार नाहीत, हे चिगुसाने दोरी गुंडाळताना सांगितले. मला कळते. तरी सकाळी पत्र्यावर दव टपकते तेव्हा मी मोजतो. एक. दोन.